संस्कृती आणि इतिहासासाठी दुसऱ्या देशात राहायला जायचं तर कोणता देश निवडावा?

तुम्ही लिहिलंय की काम लॅपटॉपवरचं असल्यामुळे कुठूनही करता येतं, पुढची आठ-दहा वर्षं इतिहास आणि संस्कृती अंगात मुरेल अशा देशात काढायची आहेत, आणि मनात इटली, ग्रीस, जपान आणि मेक्सिको आहेत. माझं उत्तर आधीच देते: इटली. पण रोम, फ्लोरेन्स किंवा व्हेनिस नव्हे, बोलोन्यासारखं मध्यम आकाराचं शहर. स्पॅनिशची ओढ असेल तर मेक्सिको.

आधी एक सांगते. देश निवडताना तिथली स्मारकं मोजू नका. जागतिक वारसास्थळांच्या यादीत इटली सगळ्यांच्या पुढे आहे, पण तेवढ्यावर मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही. व्हेनिसचंच बघा. १९५१ साली त्याच्या जुन्या बेटांवर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. गर्दी आवरायला २०२४ पासून काही ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. शहर अजूनही विलक्षण सुंदर आहे, पण ज्यांच्यात मिसळायचं ती माणसंच निघून गेली, तर तुम्ही मिसळणार कोणात?

म्हणून मी विचारते ते असं: तिथला इतिहास लोकांच्या रोजच्या वापरात आहे का, आणि त्या वापरात बाहेरून आलेल्या माणसाला जागा आहे का?

बोलोन्यात मी राहिले आहे. तिथे रस्त्याच्या कडेने कमानींखालून जाणारे आच्छादित पदपथ आहेत, सगळ्या शहरातले मिळून सुमारे ६२ किलोमीटर. मध्ययुगात विद्यापीठामुळे माणसं वाढली, जागा पुरेना, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले. इतर अनेक शहरांनी अशी बांधकामं पाडायला लावली. बोलोन्याने १२८८ मध्ये उलटा नियम केला: घराला असा पदपथ हवाच, आणि घोडेस्वार खालून जाईल इतका उंच हवा. खरी गंमत पुढेच आहे. यातले बरेचसे पदपथ आजही खाजगी मालकीचे आहेत, तरी त्यांवरून चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे. म्हणजे तुम्ही अशा इमारतीत घर घेतलंत, तर सातशे वर्षांपूर्वीच्या एका नागरी कराराचे तुम्ही वाटेकरी होता. पावसात लोक त्यांच्याखालून बाजारात जातात, मुलं शाळेत जातात, विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत बोलत बसतात. २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं म्हणून ते जिवंत झाले असं नाही, ते आधीपासून वापरातच होते.

याच देशात सिएना आहे. तिथल्या १७ मोहल्ल्यांची घोड्यांची शर्यत दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला होते, आणि त्या मोहल्ल्यांचं आपसातलं नातं वर्षभर चालू असतं. मला ते फार आवडतं. पण तिथलं सदस्यत्व बहुधा कुटुंबातून किंवा जन्मठिकाणावरून येतं. तुम्ही वीस वर्षं राहिलात तरी त्या ताटापासून थोडे लांबच बसाल. एखादी संस्कृती समृद्ध असणं आणि ती तुम्हाला आत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेक्सिकोचं नाव मी उगाच घेतलेलं नाही. १९७८ मध्ये मेक्सिको सिटीत वीजखात्याचे कामगार खोदत असताना कोयोल्शाउकी या देवतेची प्रचंड कोरीव शिळा सापडली आणि शहराच्या मध्यातून अस्तेकांचं (म्हणजे ॲझ्टेक लोकांचं) महामंदिर वर आलं. पण राहायला मी ओआहाका राज्य सुचवेन. त्या राज्यात ५७० नगरपालिका आहेत, त्यांतल्या चारशेहून अधिक आपला कारभारी पक्षांच्या निवडणुकीने नव्हे, परंपरेच्या पद्धतीने निवडतात. अनेक गावांत प्रत्येकाने गावासाठी विनामोबदला श्रम करायचे असतात, त्याला तिथे तेकियो म्हणतात. रस्ता, शाळा, पाण्याची वाट यातून उभी राहते. अशा गावाजवळ राहायचं असेल तर हाताला माती लागायची तयारी ठेवा. मेक्सिको सिटीच्या कोंदेसा आणि रोमा भागांबद्दल मात्र सावध राहा. परदेशातून पगार घेऊन तिथे राहणाऱ्यांमुळे भाडी वाढली, म्हणून जुलै २०२५ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा राग मला रास्त वाटतो. आपण ज्यांच्या संस्कृतीसाठी जातो त्यांनाच घर सोडावं लागणार असेल, तर तो भाग आपण टाळावा.

ग्रीसमध्ये अथेन्सपेक्षा मला थेस्सालोनिकी जास्त विचारात पाडते. तिथल्या मेट्रोचं काम २००६ मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली नोव्हेंबर २०२४ मध्ये. उशीर व्हायचं एक मोठं कारण म्हणजे खाली सापडलेला प्राचीन रस्ता. पण याच शहराचा अलीकडचा इतिहास फार जड आहे. १९१२ पर्यंत ते ऑटोमन सत्तेत होतं. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात झालेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत तिथल्या मुसलमानांना जावं लागलं, आणि १९४३ मध्ये नाझींनी तिथला जवळजवळ सगळा ज्यू समाज मृत्युछावण्यांत पाठवला. आजचं विद्यापीठ जुन्या ज्यू दफनभूमीच्या जागेवर उभं आहे. ज्या देशात जाल तिथे कोणाचा इतिहास जपला आहे, याच्याइतकंच कोणाचा पुसला आहे हेही वाचा. त्याशिवाय ते शहर कळत नाही.

जपानबद्दल थोडक्यात, कारण तिथे अडचण कायद्याची आहे. इसे नावाच्या शहरातलं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात (मागचं २०१३ मध्ये झालं), त्यामुळे सुतारकामाची विद्या हातोहात पुढे जाते. वारसा जपण्याची याहून सुंदर पद्धत मला माहीत नाही. पण परदेशी कंपनीसाठी ऑनलाइन काम करणाऱ्यांचा जपानी व्हिसा सहा महिन्यांचाच असतो आणि तो वाढवून मिळत नाही. दहा वर्षं राहायचं तर तिथली नोकरी किंवा शिक्षण हाच रस्ता.

आता भाषा, कारण तिच्यावरच सगळं अडतं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांसाठी जो हिशोब धरतं, त्यात इटालियन किंवा स्पॅनिश कामापुरती यायला साधारण ६०० ते ७५० तास लागतात, ग्रीकला ११००, जपानीला २२००. नोकरी सांभाळून रोज एक तास दिलात तर इटालियन दोन वर्षांत, जपानी सहा वर्षांत. भाषा नसेल तर इतिहासाच्या पाट्या वाचता येतील, पण शेजारच्या आजी त्यांच्या वडिलांबद्दल काय सांगताहेत ते कळणार नाही.

इटलीने २०२४ पासून उच्चकुशल ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी व्हिसा सुरू केला आहे. पदवी किंवा अनुभव, उत्पन्न, आरोग्यविमा आणि राहायच्या जागेचा पुरावा लागतो. पोचल्यावर आठ दिवसांच्या आत पोस्टातून निवासपरवान्याचा अर्ज करायचा. युरोपियन संघाबाहेरच्यांना नागरिकत्वासाठी सामान्यतः दहा वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि बी-१ म्हणजे मध्यम पातळीची इटालियन लागते. ‘निवडक निवास’ नावाच्या व्हिसावर मात्र काम करताच येत नाही, तेव्हा नाव ऐकून त्याच्या मागे लागू नका.

निर्णयाआधी एक महिना नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत जाऊन राहा, भाड्याच्या साध्या घरात, आणि काम तिथूनच करा. त्या महिन्यात वाचनालयाचं कार्ड काढून बघा, भाषेच्या वर्गाला बसा, गावात गायकवृंद किंवा एखादं स्थानिक मंडळ असेल तर विचारा की नवख्याला घेतात का. घर बघताना मालक भाडेकरार रीतसर नोंदवायला तयार आहे ना, हे पहिल्याच भेटीत विचारा. पुढची बरीच सरकारी कामं त्याच कागदावर अवलंबून असतात.