स्थानकाचे पूर्ण नाव

नाशिक

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट ते कासेल या प्रवासाचे तिकीट दाखवलेस आणि त्यावर ‘कासेल-विल्हेल्म्सहोए’ असे छापलेले पाहून, ते बदलून ‘कासेल हाउप्टबानहोफ’चे, म्हणजे मुख्य स्थानकाचे, करून घ्यावे का असे विचारलेस. घेऊ नकोस. तिकीट बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे नाशिककराला समजावून सांगायला फारसे शब्द लागू नयेत. आपली गाडी नाशिक रोडला थांबते आणि पंचवटी तिथून नऊ-दहा किलोमीटरवर. मुंबईहून येणारा पाहुणा नुसत्या ‘नाशिक’ची वाट पाहत बसला, तर तो मनमाडला उतरतो. कासेलचे जुने मुख्य स्थानक शहराच्या मध्यावर असले तरी तिथे रूळ संपतात. म्हणून 1991 साली हानोफर ते व्युर्त्सबुर्ग हा वेगवान मार्ग पूर्ण झाला, तेव्हा गाडीला तोंड न फिरवता पुढे जाता यावे यासाठी पश्चिमेकडच्या विल्हेल्म्सहोए भागातले स्थानक नव्याने बांधून लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे नेल्या. मुख्य स्थानकाकडे नाव राहिले आणि जवळपासच्या गाड्या राहिल्या.

हे मी अनुभवाने शिकलो आहे. सातपूरच्या कारखान्याने मला प्रशिक्षणासाठी पहिल्यांदा कासेलला धाडले, तेव्हा विल्हेल्म्सहोएला डब्यातली बरीच माणसे उतरली आणि मी, आपले स्थानक पुढचे, अशा समाधानात खिडकीशी बसून राहिलो. वीस मिनिटांनी ग्योटिंगन आले. तिथल्या फलाटावर दोन जड बॅगांशेजारी उभा राहून मी परतीची गाडी शोधली, ती माझ्या दृष्टीने त्या देशाची खरी ओळख. म्हणून तुला सांगतो की उतरण्याच्या स्थानकाचे पूर्ण नाव तर पाठ करच, पण त्याच्या आधीचे आणि नंतरचेही कागदावर लिहून ठेव. तुझ्या गाडीला आधी फुल्डा लागेल. ते सोडल्यावर अर्ध्या तासात तुझे स्थानक येते. या टापूत कसाऱ्याच्या घाटासारखे एकामागून एक बोगदे आहेत, तेव्हा मोबाइलच्या नकाशावर विसंबून राहू नकोस. गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटे थांबते, दार बटण दाबून उघडावे लागते आणि हमाल मिळत नाही. त्यामुळे फुल्डा सुटल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच सामान दाराजवळ आणावे.

फ्रँकफुर्ट विमानतळावर दोन वेगळी स्थानके आहेत, एक लांबच्या गाड्यांचे आणि एक स्थानिक गाड्यांचे. तुझी गाडी शहरातल्या मुख्य स्थानकातून सुटते, तेव्हा तुला स्थानिक गाड्यांच्या स्थानकातून एस-बान, म्हणजे तिथली लोकल, घ्यायची आहे. ती पाव तासात तिथल्या भुयारी फलाटावर पोहोचवते. वर आल्यावर जिना चढण्याचा त्रास नाही, कारण ते स्थानक आपल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारखे शेवटचे आहे आणि सगळे फलाट एका टोकाला मिळतात. भिंतीवरच्या वेळापत्रकांपैकी पिवळे सुटणाऱ्या गाड्यांचे आणि पांढरे येणाऱ्यांचे असते. एवढे न कळल्यामुळे लोक चुकीच्या फलाटावर ताटकळतात. फलाटावर रोमन अक्षरांत ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात आणि तुझा डबा कोणत्या भागासमोर येणार हे फलकावर लिहिलेले असते. पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक जसे गाडी यायच्या आधीच आपल्या डब्याच्या जागी उभे असतात, तसे उभे राहा. कधी दोन गाड्या जोडून धावतात आणि एकीतून दुसरीत आतून जाता येत नाही.

तिकिटाबद्दल माझे मत थोडे खर्चिक आहे. स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले असते आणि विमान उशिरा उतरले तर ते वाया जाते. म्हणून उतरण्याच्या दिवशी त्या दिवसाच्या कोणत्याही गाडीला चालणारे महाग तिकीट घेतलेस, हे योग्यच केलेस. दुसऱ्या वर्गात तिकिटाबरोबर आसन मिळतेच असे नाही, त्याचे आरक्षण निराळे करावे लागते, ते मात्र तू केलेले दिसत नाही. गाडी उशिरा धावणे ही केवळ आपलीच खासियत आहे, असा समज करून जाऊ नकोस. मुक्कामी पोहोचायला साठ मिनिटे उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि एकशेवीस मिनिटे झाला तर निम्मे भाडे परत मागता येते, एवढाच काय तो फरक. त्यासाठी तिकीट जपून ठेव.

विल्हेल्म्सहोएला फलाटावरून वर यायला लांब उतरणीचे मार्ग आहेत, चाकांची बॅग सहज ओढता येते. बाहेर पडलास की समोरच ट्राम मिळेल. ट्राममध्ये बसल्यावर मला दोन ओळी पाठव. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि मी रात्री अकरापर्यंत जागा असतो, म्हणजे तिथले साडेसात.

तुझे सर