आकडे बाजूला ठेव, उत्तरं वाच

तुझी एक्सेल शीट उघडून बघितली. ज्या खासदारांवर तू लिहितेयस त्यांनी संसदेत आरोग्यावर किती प्रश्न विचारले, किती वेळा बोलले, हजेरी किती टक्के, सगळं भरलंयस आणि खाली लिहिलंयस की यांचं योगदान नेमकं काय तेच कळत नाहीये. कसं कळेल? तू प्रश्न मोजलेस, उत्तरं वाचलीच नाहीस.

अगं लोकसभेत लेखी उत्तराचे दिवसाला 230 पर्यंत प्रश्न लागतात, तोंडी उत्तराचे 20, आणि त्या 20 मधलेही सगळे पुकारले जात नाहीत. विचारणं सोपं असतं. मंत्री म्हणतात सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, राज्यघटनेत तसं आहेच, पण त्यानंतर हे खासदार खाली बसले, की तिथल्या तिथे पुढचा, म्हणजे पुरवणी, प्रश्न टाकून केंद्राच्या पैशाचं काय झालं ते विचारलं? "माहिती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवू" असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरतात, 3 महिन्यांत पूर्ण करायचं असतं, त्यासाठी वेगळी समिती आहे. पुढच्या अधिवेशनात परत विचारलं का? हे बघ. उत्तर वाच, मग त्याच्या पुढचं वाच.

मी तुझ्या वयाचा असताना एका खासदारांना मुके ठरवणारा लेख लिहिला होता. आकडे बरोबर होते. नंतर एका समितीच्या अहवालाला जोडलेली त्यांची असहमतीची नोंद हाताला लागली, कलमवार, इतकी बारकाईने लिहिलेली की मला रात्री झोप लागली नाही. तेव्हा घरबसल्या काही मिळायचं नाही, लायब्ररीत खेटे घालावे लागायचे, डोक्यावर डेडलाइन, मी काही आळशी नव्हतो गं. पण त्यांना साधं पत्रही लिहिलं नाही, ते अजून टोचतं.

आणि तुझ्या शीटमधलं "विधेयक पास नाही म्हणून शून्य गुण" हे वाचून तर मला रागच आला. 10 नोव्हेंबर 1938 ला बाबासाहेबांच्या वतीने त्यांच्या पक्षाचे आमदार रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, बाजूने 11, विरोधात 52. देणार का शून्य? द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं, 24 एप्रिल 2015 ला राज्यसभेत मंजूर झालं, एखाद्या सभागृहात खासगी विधेयक मंजूर व्हायला कित्येक दशकं लागली होती, आणि लोकसभेत ते अडकलंच. 2019 ला कायदा आला तो सरकारचा. आता दोन्ही मसुदे शेजारी ठेव. शिवांच्या विधेयकात आरक्षण होतं, राष्ट्रीय आयोग होता, विशेष न्यायालयं होती. कायद्यात आरक्षण नाही, आयोगाच्या जागी परिषद आहे. काय मागितलं आणि काय मिळालं हे तुझ्या शीटमध्ये कुठल्या कॉलममध्ये बसवशील सांग.

वैताग समजतोय मला, इतकं कोण वाचणार असं वाटत असेल. सगळं नको वाचूस. त्यांचा एकच प्रश्न घे, औषधांचा घे किंवा आशाताईंच्या मानधनाचा, त्याचं उत्तर, पुरवणी, पुढच्या अधिवेशनात काय झालं एवढं शोध आणि शनिवारपर्यंत मला पाठव. शीट नको पाठवूस.