तुळशीच्या लग्नापासून थर्टी फर्स्टपर्यंत: तुमचे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की लग्नाचे मुहूर्त निघतात, पाठोपाठ मार्गशीर्षातले गुरुवार येतात, मग हुरडा, नाताळ आणि थर्टी फर्स्ट. दिवाळीचा फराळ तोवर डब्यात असतोच. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटची साखर आणि वजन दिवाळीच्या चार दिवसांत फारसं बिघडत नाही. बिघडतं ते या पुढच्या दीड महिन्यात. म्हणून आज फक्त या दिवसांतले प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन सुरू आहे. मार्गशीर्षातले गुरुवार त्या कडक करतात, संध्याकाळी नैवेद्य दाखवूनच उपास सोडतात. मागच्या गुरुवारी दुपारी चारला घामाघूम झाल्या, हात थरथरत होते. उपासाने अशक्तपणा आला असेल का? (सातारा)

बहुधा त्यांची साखर उतरली होती, आणि हे हलक्यात घेऊ नका. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही हे त्या गोळीला कळत नाही. सकाळी गोळी घेतली आणि पोटात काही गेलंच नाही, तर दुपारपर्यंत साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणं. एकट्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना हा धोका बराच कमी असतो.

अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पेढा किंवा लाडू देऊ नका, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा बघा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटलं की थोडं खायला द्या. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

पुढच्या गुरुवारच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि उपासाच्या दिवशी गोळी कधी व किती घ्यायची ते विचारून घ्या. घरच्या घरी गोळी बंद करू नका, आणि रात्री गोड जेवण आहे म्हणून दुप्पटही देऊ नका.

व्रत सोडा असं मी त्यांना कधीच म्हणणार नाही. पण निर्जळ आणि निराहार राहणं त्यांच्यासाठी धोक्याचं आहे, हे त्यांना घरातल्या कुणीतरी शेजारी बसून, प्रेमाने सांगायला हवं. फराळाला साबुदाण्याची खिचडी नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा पडला की साखर झपाट्याने चढते. त्यापेक्षा राजगिऱ्याचं थालीपीठ, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचं भरीत, वाटीभर दही, ताक. रात्री नैवेद्याची पुरणपोळी एक, छोटी, वर तूप घालून खुशाल खाऊ द्या. सोबत कटाची आमटी आणि भाजी भरपूर. मात्र त्या दिवशी ती पोळी हेच त्यांचं पोळी-भाताचं जेवण समजायचं.

प्रश्न: डिसेंबरात सात लग्नं आहेत. रात्री रिसेप्शनला जेवायचं म्हणून मी दुपारी जेवत नाही, तरी वजन वाढतंच. काय चुकतंय? (नाशिक)

दुपारी न जेवणं हेच चुकतंय. दिवसभराची भूक घेऊन तुम्ही रात्री साडेनऊला हॉलमध्ये शिरता, समोर वेलकम ड्रिंकचा ट्रे येतो, मग पाणीपुरी, मग तळलेली स्टार्टर्स. जेवणाच्या काउंटरपर्यंत पोचायच्या आधीच एक जेवण होऊन गेलेलं असतं. दुपारी नेहमीसारखं वरण, भाजी, दोन पोळ्या खा. निघण्यापूर्वी मूठभर फुटाणे आणि ताक घ्या, किंवा एखादं उकडलेलं अंडं.

हॉलमध्ये गेल्यावर ताट हातात न घेता सगळे काउंटर एकदा फिरून बघा आणि आपल्याला खरोखर काय खायचंय ते ठरवा. पनीर वर्षभर कुठेही मिळतं. लग्नात गरम जिलेबी असेल तर तीच खा. सुरुवात कोशिंबीर, उसळ, भाजी यांनी करा, भात आणि गोड शेवटी. याच क्रमाने जेवलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते.

आपली जुनी पंगत आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे अळूची भाजी, मध्ये वरणभात, मग मसालेभात, जिलेबी आणि मठ्ठा. वाढप्याच्या हातात माप असायचं आणि पुढचा वाढपी येईपर्यंत थांबावं लागायचं. मठ्ठा अजूनही बऱ्याच लग्नांत असतो. कोल्ड्रिंक आणि रंगीत सरबतं सोडून तो प्या.

आग्रहाचं म्हणाल, तर ‘डाएट करतोय’ म्हटलं की आग्रह दुप्पट होतो. ‘छान झालीये, आत्ताच दोन खाल्ल्या’ एवढंच म्हणा. आणि जे वाढतात त्यांनाही माझं मनापासून सांगणं आहे: पाहुण्याने दोनदा नको म्हटलं की हात आवरा. त्याच्या खिशात कसल्या गोळ्या आहेत ते आपल्याला माहीत नसतं.

प्रश्न: दिवाळीचा फराळ अजून बराच शिल्लक आहे. चिवड्याला थोडा वास येतोय, पण टाकवत नाही. तळणीचं तेलही लिटरभर उरलंय. (डोंबिवली)

चिवडा टाका. शेंगदाणे आणि सुकं खोबरं सगळ्यांत आधी खवट होतात, आणि तो खवटपणा उन्हात ठेवून किंवा पुन्हा भाजून जात नाही. तुमच्या नाकाला कळलं, म्हणजे तेलाचं काम बिघडलेलं आहे.

उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा पुन्हा तळायला घेऊ नका. काळपट झालेलं, चिकट, तापवताना फेस येणारं किंवा लवकर धूर सोडणारं तेल सरळ टाकून द्यायचं. हॉटेलांसाठी तर कायदाच आहे: तळणीच्या तेलात बिघाडातून तयार होणाऱ्या ‘पोलर’ घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरता येत नाही. घरात मोजायचं यंत्र नसतं, म्हणून डोळ्यांवर आणि नाकावर विश्वास ठेवायचा.

जो फराळ चांगला आहे तो डायनिंग टेबलवरून उचला. परवा मी घरातली एक मध्यम चकली काट्यावर ठेवली, वीस ग्रॅम भरली. म्हणजे सुमारे शंभर कॅलरी. चाळीस ग्रॅमचा बेसनाचा लाडू दोनशेच्या आसपास, आणि त्यात अडीच-तीन चमचे साखर. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करून सगळ्यांनी मिळून खाल्लेला लाडू मला कधीच खटकत नाही. खटकते ती चहासोबत, फोनवर बोलता बोलता, येता-जाता डब्यातून उचललेली चकली, कारण ती खाल्ल्याचं कुणाच्या लक्षातही राहत नाही. उरलेल्याचे छोटे पुडे करा, वरच्या फळीवर ठेवा, सोसायटीच्या वॉचमनना, कामाच्या मावशींना ताजं असतानाच द्या. खवट व्हायला लागल्यावर देऊ नका.

प्रश्न: हुरडा पार्टीहून आलं की दोन दिवस पोट फुगतं. हुरडा सोसत नाही का? (पुणे)

हुरडा सोसतो, त्याच्या मागेपुढे खाल्लेलं सोसत नाही. सकाळी मिसळ, मग आगटीतला हुरडा, त्यावर दाण्याची चटणी, गूळ, बोरं, उसाचा रस, आणि दुपारी पुन्हा पिठलं-भाकरी. कोवळी ज्वारी आहे ती, तंतूमय आणि पोटभरीची. हुरडा हेच दुपारचं जेवण धरा, नीट चावून खा, सोबत दही किंवा ताक. रस बिनबर्फाचा घ्या, बर्फ कुठल्या पाण्याचा असतो ते कळत नाही.

प्रश्न: थर्टी फर्स्टला आम्ही मित्र लोणावळ्याला जाणार आहोत. मी व्हिस्की घेत नाही, फक्त बिअर. बिअर हलकी असते ना? (पिंपरी, वय २६)

हिशेब मांडून बघू. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये दहा ग्रॅम. ६५० मिलीची स्ट्राँग बिअरची बाटली आठ टक्क्यांची असेल तर तिच्यात सुमारे ४१ ग्रॅम. म्हणजे एक बाटली बरोबर चार छोटे पेग. वर नुसत्या अल्कोहोलच्याच २८०-२९० कॅलरी.

यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. कॉफीने, लिंबूपाण्याने किंवा थंड पाण्याने अंघोळ केल्याने हा वेग वाढत नाही. रात्री एकपर्यंत दोन बाटल्या झाल्या, तर सकाळी नऊला परतीच्या वाटेवर गाडी चालवताना तुमच्या रक्तात अल्कोहोल असू शकतं, तुम्हाला ठणठणीत वाटत असलं तरी. कायद्याने मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे. म्हणून गाडी चालवणाऱ्याने आदल्या रात्रीही प्यायची नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवा.

सुरक्षित मात्रा किती, हे मी सांगणार नाही, कारण तशी मात्रा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. तरीही घेणारच असाल, तर आधी नीट जेवा, दोन ग्लासांच्या मध्ये पाणी प्या. चखण्याला खारे दाणे आणि वेफर्सऐवजी उकडलेली अंडी, काकडी, चणे ठेवा. खारट खाल्लं की तहान लागते आणि ती बिअरनेच भागवली जाते. डोकं दुखेल म्हणून त्याच रात्री पॅरासिटामॉल घेऊ नका, दोन्हींचा भार एकाच यकृतावर पडतो.

कुणी मित्र जास्त प्यायला, उलट्या करायला लागला, तर त्याला पाठीवर झोपवून खोलीचं दार ओढून घेऊ नका. कुशीवर वळवा आणि एकाने जवळ बसून राहा. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. घरी काय सांगायचं ते नंतर बघता येईल.