एका टेस्टमध्ये अनेक अटी

प्रश्न : मी लातूरच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकतो. आडत दुकानातील सोयाबीनच्या हिशोबपट्टीचा प्रोग्राम आम्ही जावामध्ये लिहिला आहे. पट्टीवरील वजन, रक्कम आणि निव्वळ देणे या तिन्ही अटी ‘आणि’च्या चिन्हाने जोडून मी टेस्टमध्ये (प्रोग्राम तपासणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) एकाच असर्टट्रूने, म्हणजे ‘ही अट खरी आहे का’ एवढेच पाहणाऱ्या आज्ञेने, तपासतो. आमच्या सरांना ते पटत नाही. यात चुकते काय?

उत्तर : तर्काच्या दृष्टीने आपली अट बरोबर आहे, तिची उणीव टेस्ट नापास झाल्यावरच कळते. समजा, १२.४० क्विंटल सोयाबीन ४,५०० रुपये दराने विकले, तर रक्कम ५५,८०० रुपये होते. क्विंटलमागे १० रुपये हमाली आणि ५ रुपये तोलाई धरल्यास १८६ रुपये वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती ५५,६१४ रुपये पडायला हवेत. प्रोग्रामने हमाली चुकून दोनदा कापली, तर आपली टेस्ट ‘ट्रू अपेक्षित होते, फॉल्स मिळाले’ एवढेच सांगेल. तीच तपासणी असर्टइक्वल्सने, म्हणजे अपेक्षित आणि मिळालेली किंमत यांची तुलना करणाऱ्या आज्ञेने, केली असती, तर ५५,६१४ च्या जागी ५५,४९० आल्याचे दिसले असते, आणि १२४ रुपयांचा हा फरक म्हणजे नेमकी हमालीच, हे पट्टी रोज पाहणाऱ्याच्या चटकन ध्यानात आले असते. शिवाय पहिली अट खोटी ठरताच जावा पुढच्या अटी पाहतच नाही, त्यामुळे एकामागे दडलेली दुसरी चूक कळायला टेस्ट पुन्हा चालवावी लागते.

तीन असर्टइक्वल्स ओळीने लिहिल्या तरी पहिल्या अपयशाला टेस्ट थांबतेच. म्हणून जेयुनिट ५ (जावाच्या टेस्ट लिहिण्याचे साधन) मधील असर्टऑल वापरावे; ते सर्व तपासण्या पूर्ण करून सगळी अपयशे एकत्र दाखवते. पट्टी रेकॉर्ड (जावातील माहिती एकत्र ठेवण्याचा, सर्व किमतींवरून तुलना होणारा प्रकार) म्हणून लिहिली असेल, तर अपेक्षित पट्टी आणि मिळालेली पट्टी यांची एकाच असर्टइक्वल्सने तुलना करणे मला अधिक स्वच्छ वाटते. रक्कम मात्र डबलमध्ये (दशांश संख्या अनेकदा अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) न ठेवता पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी.

‘किंवा’ने जोडलेल्या अटी शक्यतो टाळाव्यात, कारण टेस्टमधील माहिती आपणच भरलेली असते आणि उत्तर कोणते यावे हे आपल्याला ठाऊक असायलाच हवे. पट्टी नल (म्हणजे अस्तित्वातच नसलेली) नाही ही तपासणी मात्र असर्टऑलच्या आधी, वेगळी ठेवावी; अन्यथा पट्टीच तयार झाली नसताना तिन्ही तपासण्या नलच्या तक्रारी करतील आणि मूळ कारण त्या गर्दीत हरवेल.