आम्ही शुद्ध शाकाहारी, मग मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची काळजी करायची का?

तुमचा प्रश्न असा की घरात मटण शिजत नाही, दारू कोणी पीत नाही, मग मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका आपोआप कमी झाला ना, आणि रोजच्या सवयींत आणखी काय बदलावं. धोका थोडा कमी होत असेल, पण त्याचं श्रेय तुम्ही नको तिथे देताय. 'शुद्ध शाकाहारी' हे या विषयात प्रमाणपत्रासारखं पुढे केलं की माझं डोकं फिरतं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मांसाचा आरोप खोटा नाही. २०१५ मध्ये ल्याँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, सलामी, बेकन, हॅम असं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो याचा पक्का पुरावा असलेल्या गोष्टींत, टाकलं आणि मटण, बीफ, पोर्क त्याच्या खालच्या गटात. गोव्याचं चोरीस, म्हणजे तिथलं मसालेदार सॉसेज, पहिल्या गटातच येतं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरातल्या अठरांना कॅन्सर होतो असा नाही. एरवी हजारात दहांना होणार असेल तर बारांना होईल, एवढाच. आणि तंबाखू त्याच गटात आहे म्हणून सलामी सिगारेटइतकी घातक ठरत नाही. गट पुराव्याच्या खात्रीवरून ठरतो, धोक्याच्या आकारावरून नाही. मांसाहारी घरात लाल मांस आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावं. रविवारी मटण करणारं साधं मराठी घर या मर्यादेत आरामात बसतं. तेव्हा शेजाऱ्यांच्या रश्श्याकडे बघून नाक मुरडू नका.

आता शाकाहाराचं. इंग्लंडमधल्या एपिक-ऑक्सफर्ड पाहणीत (२००९) शाकाहारी लोकांत मोठ्या आतड्याचा कॅन्सर मांसाहाऱ्यांपेक्षा कमी निघाला नाही, उलट जास्तच दिसला. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट पंथीयांच्या पाहणीत (२०१५) शाकाहाऱ्यांचा धोका २२ टक्क्यांनी कमी निघाला. मग खरं कोणाचं? दोन्ही. ताटात मांस नाही एवढ्यावरून ताटात काय आहे ते कळत नाही.

आणि या कॅन्सरच्या बाबतीत ताटात बघायचं ते फायबर, म्हणजे धान्य, कडधान्य, भाज्या-फळांतला न पचणारा चोथा. म्हणून सरळ मोजू. दिवसाला ३० ग्रॅम फायबर हे लक्ष्य धरा. मराठी शाकाहारी दिवस बघा: सकाळी कांदेपोहे, जेमतेम ३ ग्रॅम. दुपारी साठेक ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या, कणीक चाळलेली नसेल तर ७. बटाट्याची भाजी २, वाटीभर भात दीड, पातळ वरण दोन-सव्वादोन. चहाबरोबर खारी किंवा बिस्किटं, धरा अर्धा. रात्री मूगडाळीची खिचडी, साडेतीन. बेरीज वीसच्या आसपास. कणीक मैद्याच्या बारीक चाळणीने चाळत असाल तर त्यातले तीन-चार ग्रॅम कोंड्याबरोबर गेले. एकादशीला तर विचारूच नका: साबुदाण्यात फायबर नावालाच असतं, शेंगदाण्याचं कूट तेवढी लाज राखतं.

आता तेच ताट थोडं हलवा. पोळ्यांच्या जागी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पीठ १२० ग्रॅम: १२ ग्रॅम. चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ: ६. बटाट्याऐवजी भेंडी: ४. चहाबरोबरची खारी काढून एक मध्यम पेरू, बिया-सालासकट: ८ ते १०. पोहे आणि खिचडी तशीच राहू द्या, पस्तिशी गाठलीत. मात्र भरडधान्याच्या नादात गव्हाला शिव्या देऊ नका. शंभर ग्रॅम न चाळलेल्या कणकेत साधारण ११ ग्रॅम फायबर असतं, ज्वारीत १०, मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तीनपेक्षा कमी. गुन्हा चाळणीचा आहे, गव्हाचा नाही.

हा बदल एका दिवसात केलात तर पोट फुगेल आणि घरचे 'आम्हाला भाकरी बाधते' असा निकाल देतील. आठवड्याला पाचेक ग्रॅमने वाढवा. कडधान्य रात्रभर भिजवून, मोड आणून, पूर्ण मऊ शिजवा आणि पाणी वाढवा. नुसतं फायबर वाढवून पाणी तेवढंच ठेवलं तर शौचाला आणखी घट्ट होतं.

एवढ्याने आतड्यात खरंच काही बदलतं का, याचा माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा २०१५ चा आहे. पिट्सबर्गच्या परिसरातले २० आफ्रिकन अमेरिकन आणि ग्रामीण दक्षिण आफ्रिकेतले २० जण घेऊन दोन आठवडे त्यांची ताटं अदलाबदल केली. अमेरिकनांचं फायबर दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ वर नेलं आणि चरबी निम्म्याहून कमी केली; आफ्रिकनांचं फायबर ६६ वरून १२ वर आणलं आणि चरबी तिपटीने वाढवली. दोनच आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची वाढ मंदावली, दाह उतरला. आफ्रिकनांचं नेमकं उलट झालं. मोठ्या आतड्यातले जीवाणू फायबर आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. चरबी जास्त आणि फायबर कमी झालं की पित्ताम्लांपासून (चरबी पचवायला पित्तातून येणाऱ्या आम्लांपासून) त्रासदायक पदार्थ जास्त बनतात. अर्थात या प्रयोगात मोजली ती अस्तरातली लक्षणं, कोणाला कॅन्सर होतो की नाही ते दोन आठवड्यांत दिसत नसतं.

इथे इसबगोलवाले खूश होतात. होऊ नका. २००० साली युरोपातल्या एका चाचणीत, पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचे छोटे कोंब, ज्यांतले काही पुढे कॅन्सर बनू शकतात) काढून टाकलेल्या लोकांना तीन वर्षं रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल दिलं, तर पॉलिप पुन्हा येण्याचं प्रमाण घटण्याऐवजी वाढलेलं निघालं. बद्धकोष्ठासाठी इसबगोल उत्तम आहे, जरूर घ्या. कॅन्सर टाळायला म्हणून चमचाभर भुसा घेऊन वर बटर-खारी खाणं हा व्यवहार तोट्याचा. आणि 'आतड्यात मळ साचून कॅन्सर होतो' हे सोनामुखीची चूर्णं विकणाऱ्यांचं तत्त्वज्ञान आहे. वर्षानुवर्षं लोकांचा माग ठेवून केलेल्या पाहण्यांत बद्धकोष्ठ आणि हा कॅन्सर यांचा संबंध दिसलेला नाही.

दुधाबद्दल मात्र पुरावा चांगला आहे. ब्रिटनमधल्या पाच लाखांहून अधिक बायकांच्या पाहणीत (२०२५) रोज ३०० मिलिग्रॅम जास्त कॅल्शियम, म्हणजे मोठा पेलाभर दूध, घेणाऱ्यांत धोका १७ टक्क्यांनी कमी होता. दही, ताक चालेल. श्रीखंडाला यात घुसवू नका.

बाकीचं थोडक्यात. कंबर मोजा, वजनकाट्यापेक्षा टेप खरं बोलतो: आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं की धोक्याचं. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं धाप लागेल असं चालणं. मंदिराभोवती गप्पा मारत फिरणं त्यात धरू नका. दारू घरात कोणी पीत नाही असं म्हणताय, ते घरातलं झालं. बाहेरचा हिशेब ज्याचा त्याने करावा: ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलीटर पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलीटर बाटलीत ४१. या कॅन्सरचा धोका रोजच्या ३० ग्रॅमच्या पुढे स्पष्ट वाढतो. विडी-सिगारेटनेही वाढतो.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. खाण्याच्या या सगळ्या चर्चेचा एक घातक उपयोग होतो: शौचातून रक्त पडतं, आणि माणूस 'मी तर साधं खातो, मूळव्याधच असणार' म्हणून महिनोन्महिने मलम लावत बसतो. टाटा मेमोरियलच्या नोंदींत या कॅन्सरच्या रुग्णांचं सरासरी वय ४७ च्या आसपास आहे, आणि आपल्याकडे गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, वाटा मोठा आहे. त्यातल्या खालच्या बऱ्याच गाठी डॉक्टरांच्या बोटाला लागतात. हातमोजा घालून केलेली ती तपासणी दोन मिनिटांची असते, ती न करता कोणी मूळव्याधीचं औषध लिहून दिलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. रक्त, तीन-चार आठवडे बदललेली शौचाची सवय, होऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखं वाटणं, विनाकारण उतरलेलं वजन: यातलं काहीही असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी. पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन ९ वर आलं तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही, रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात.

एक राहिलं. मोठ्या आतड्याला सूज, अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा आतडं अरुंद झालेलं असेल तर वरचा भाकरी-उसळीचा हिशेब डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. आणि नात्यात कोणाला हा आजार झाला तर भेटायला जाऊन 'बाहेरचं फार खायचास' हे ऐकवू नका. पस्तिशीत झालेल्या कॅन्सरमागे अनेकदा वडापाव नसतो, आईवडिलांकडून आलेलं जनुक असतं. त्यापेक्षा वय विचारा, कारण ते सख्ख्या भावंडांच्या आणि मुलांच्या कामाचं आहे: त्यांनी चाळिशीला किंवा रुग्णाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची असते. बहिणीला ४४ व्या वर्षी निघाला असेल तर धाकट्या भावाची ३४ व्या वर्षी, तो कितीही शुद्ध शाकाहारी असला तरी.