लॅपटॉप मध्येच बंद पडतोय? आधी विंडोज उडवू नका

घाबरू नका. आणि लगेच विंडोज नव्याने टाकायला बसू नका. नवखे तिथेच दोन दिवस घालवतात. महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या, मग एकच बघा: तो बंद कधी पडतो?

– बॅटरीवर, तीस-चाळीस टक्के दाखवत असतानाच गपकन गेला: बॅटरी थकली. टचपॅड वर उचललेला दिसला तर ती फुगलीय. वापर, चार्जिंग बंद; दाबू-टोचू नका, थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.
– गेम खेळताना पंखा घोंघावला आणि लॅपटॉप गेला: उष्णता. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला बंद होतो. गोधडीवर ठेवून वापरता ना?
– निळा पडदा येऊन रीस्टार्ट: बहुधा ड्रायव्हर (लॅपटॉपचे भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) किंवा रॅम (तात्पुरती मेमरी). पडद्यावरच्या कोडचा फोटो काढा.

आता आपल्या किनाऱ्याचं खास दुखणं, खारा वारा. मालवणात माझं टेबल खिडकीपाशी होतं. अ‍ॅडॉप्टरच्या पिनेवर हिरवट थर चढलेला, पिन जरा हलली की चार्जिंगचा दिवा मिणमिणायचा. बॅटरी आधीच मेलेली, त्यामुळे दिवा गेला की लॅपटॉपही गेला. आणि मी मदरबोर्ड, म्हणजे आतलं मुख्य सर्किट, बदलायला निघालो होतो! तेव्हा दुसरा अ‍ॅडॉप्टर, त्याच व्होल्टचा, कुणाकडून तरी मागून आणा आणि लावून बघा.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल. तो फक्त ‘नीट बंद झाला नाही’ एवढंच सांगतो, कारण नाही.

पावसात लाइट ये-जा करू लागली की प्लग काढून ठेवा. काय दिसलं ते कळवा, पुढचं मग बघू.