आधी विचार, हे कोण सांगते आहे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातला दारूचा बडा तस्कर जॉर्ज रीमस याची बायको इमोजेन लोभी होती की बळी, हे ठरत नसल्यामुळे तुझ्या पुस्तकातले तिच्यावरचे प्रकरण अडले आहे, असे तू लिहिलेस. ते ठरवण्याची घाई कशाला? टिपणांतल्या प्रत्येक वाक्यापुढे आधी एवढेच लिही, की हे कोण सांगते आहे. तिचा उधळेपणा, सरकारी तपास अधिकारी फ्रँकलिन डॉज याच्याशी असलेले संबंध, नवरा अटलांटाच्या तुरुंगात असताना विकलेली मालमत्ता, हे सारे तू सलग मांडले आहेस आणि त्यातले जॉर्ज रीमसच्या बचावातून किती आले, हे कुठेच कळत नाही.

हा रीमस आधी औषधविक्रेता आणि मग शिकागोतला फौजदारी वकील होता. दारूबंदीच्या व्होल्स्टेड कायद्यात औषध म्हणून व्हिस्की विकायला मुभा होती, ती पळवाट हेरून त्याने डिस्टिलरी आणि औषधांच्या कंपन्या विकत घेतल्या आणि परवान्यावर बाहेर काढलेला आपलाच माल वाटेत आपल्याच माणसांकडून लुटवून काळ्या बाजारात नेला. कागद आपल्या बाजूने कसा बोलता करायचा, हे त्याला पुरते ठाऊक होते. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी घटस्फोटाच्या सुनावणीला निघालेल्या इमोजेनच्या टॅक्सीचा त्याने पाठलाग केला, सिनसिनाटीच्या ईडन पार्कमध्ये ती अडवली आणि सोबत असलेल्या तिच्या मुलीच्या देखत तिला गोळी घातली. न्यायालयात तो स्वतःच आपला वकील झाला. समोर सरकारी वकील होते चार्ल्स टाफ्ट, माजी राष्ट्राध्यक्षांचे पुत्र. तरीही ज्यूरीने १९ मिनिटांत त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवले. त्या खटल्यात तिच्या चारित्र्याची चिरफाड झाली आणि उत्तर द्यायला ती हयात नव्हती. मग सांग, तिच्या लोभाची कथा कोण सांगते आहे?

तिला धुतल्या तांदळासारखी करून दाखव, असे मी म्हणत नाही. तोही तिच्यावर अन्यायच. पण १९२५ सालचा तिचा घटस्फोटाचा अर्ज तुझ्या पानांत एका ओळीत उरकला आहे, याचा मला राग आला. भाषा वकिलाची असेल, तक्रार तिची आहे. तो शब्दन्‌शब्द वाच. १९२० मध्ये तिचे रीमसशी लग्न झाले, त्यापूर्वीच्या नोंदी होम्स या आडनावाने शोध, नाहीतर तुला केवळ त्याची बायकोच सापडत राहील.

माझ्या लेखनात ओळीओळीला साक्षीदार उभा असतो, असा आक्षेप मी आयुष्यभर ऐकला. एका संपादकांनी ते उल्लेख गाळायला सांगितले, मी नकार दिला आणि पुस्तक रखडले. ज्या वृद्धांनी मला आठवणी सांगितल्या, त्यांतले कित्येक ते पाहायला उरले नाहीत, ही खंत आजही जात नाही. पण ज्यांचे शब्द मी घेतले, त्यांची नावे गाळून ते शब्द माझे म्हणून छापायचे होते काय? पुन्हा वेळ आली तरी मी नकारच देईन.

प्रकरण सुंदर वाचले जावे, ही तुझी इच्छा मला समजते. रीमसच्या आलिशान मेजवान्यांचे वर्णन तू फार छान केले आहेस. मात्र तिथे हजर असलेल्या कोणी ते सांगितले, की वर्तमानपत्राने नंतर रंगवले, हे समासात लिहून पहिली दहा पाने पुन्हा पाठव. ज्या वाक्यापुढे सांगणाऱ्याचे नाव लिहिता येत नाही, ते तूर्त खोडून ठेव.